पालिकेच्या शाळा : कर शहराचा, भार कुणाचा?

सातारा - जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर सातारा नगरपालिकेच्या सभागृहात पुन्हा लोकनियुक्त सदस्य बसले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये मुदत संपलेल्या या पालिकेची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. शेजारच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली होती. तेथे १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. दोन्हीकडे प्रचार जोरात झाला. साताऱ्यात कासचे पाणी, भुयारी गटार आणि रस्ते यांवर भाषणे रंगली, तर सांगलीत महापूर, शेरीनाला आणि घरपट्टीवर. पालिकेच्या प्राथमिक शाळांचा विषय मात्र दोन्ही शहरांत प्रचाराच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही. ज्यांची मुले या शाळांत शिकतात त्यांच्यापैकी अनेक जण भाड्याच्या खोलीत राहतात, कामाच्या शोधात आलेले असतात, आणि त्यांची नावे शहराच्या मतदारयादीत असतीलच असे नाही. ज्यांची नावे यादीत आहेत त्यांची मुले दुसऱ्या शाळांत जातात. या एका वस्तुस्थितीतून पुढचे बरेचसे राजकारण उलगडते.

निवडणुका झाल्या, पदाधिकारी ठरले, समित्यांची वाटणी झाली की अर्थसंकल्पाचा विषय येतो. शाळांसाठी किती तरतूद, हा प्रश्न त्या वेळी कागदावर तरी विचारला जातो. त्याचे उत्तर नगरसेवकांच्या इच्छेवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ते एका जुन्या कायद्यावर आणि बंद पडलेल्या एका करावर अवलंबून आहे.

पूर्ण पगार, निम्मा पगार

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाची स्थानिक व्यवस्था दीर्घकाळ मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ या कायद्यावर उभी होती. त्याची मुळे आणखी मागे जातात. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला होता. शहराने आपल्या मुलांना शिकवावे आणि त्यासाठी स्वतःचे पैसे घालावेत, ही कल्पना त्या काळातील. ती चांगलीच होती. शहराच्या हाती तेव्हा स्वतःचे पैसेही होते. जकात नाक्यावर दररोज रोख रक्कम जमा होत असे, आणि खेड्यांच्या तुलनेत नगरपालिका सधन मानली जात असे.

त्यामुळे शिक्षकांच्या वेतनाचा भार राज्याने पूर्ण न उचलता शहराबरोबर वाटून घेतला. महापालिकांच्या प्राथमिक शिक्षकांच्या मान्य वेतनखर्चाचा साधारण निम्मा वाटा राज्य सरकार अनुदान म्हणून देते, उरलेला निम्मा महापालिकेने घालायचा असतो. नगरपालिकांच्या बाबतीत राज्याचा वाटा याहून मोठा असतो आणि तो पालिकेच्या वर्गानुसार बदलतो. साताऱ्यासारख्या 'अ' वर्ग पालिकेला त्यामुळे सांगलीपेक्षा कमी झळ बसते. पण झळ बसतेच.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाचे वेतन राज्याच्या तिजोरीतून जाते. खासगी संस्थेच्या पूर्ण अनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतनही संपूर्णपणे राज्यच देते. म्हणजे मिरजेच्या एखाद्या पेठेत एकाच रस्त्यावर दोन शाळा असतील, एक खासगी संस्थेची अनुदानित आणि एक महापालिकेची, तर पहिलीतल्या गुरुजींचा सगळा पगार सरकार देणार आणि दुसरीतल्या गुरुजींचा अर्धा. पहिलीतील संस्थाचालक कुणाला निवडून दिलेले नसतात. दुसरी शाळा चालविणारी संस्था मतदारांनी निवडलेली असते. लोकनियुक्त संस्थेने चालविलेली शाळा सरकारला कमी खर्चाची आणि शहराला जास्त खर्चाची पडावी, ही रचना कुणी मुद्दाम केली असे नाही. ती काळाच्या ओघात तशी होत गेली. मात्र ती दुरुस्त करण्याची घाईही कुणाला दिसत नाही.

ही रचना टिकली, पण तिच्या बुडाशी असलेला कर टिकला नाही. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या जागी राज्याकडून सहायक अनुदान आले. महापालिकांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. सांगलीच्या व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ असहकार पुकारला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेल. ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून सूट मिळाली आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो विषयच संपला. आता महापालिकेला नुकसानभरपाईचा मासिक हप्ता राज्याकडून येतो. शहराच्या स्वतःच्या हाती उरली ती मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचे शुल्क.

दुसऱ्या बाजूला खर्च थांबला नाही. सहावा वेतन आयोग आला, मग सातवा आला. राज्याने सातव्या आयोगाची अंमलबजावणी जानेवारी २०१९ मध्ये जाहीर केली आणि ती १ जानेवारी २०१६ पासून लागू धरली. आयोगाच्या प्रत्येक शिफारशीबरोबर महापालिकेचा निम्मा वाटाही आपोआप वाढला. वेतनवाढीचा निर्णय मंत्रालयात होतो, त्याचे निम्मे बिल सांगलीच्या मुख्यालयात येते. शिक्षकांचे निवृत्तिवेतन आणि फरकाच्या रकमा यांचे हिशेबही याच जमाखर्चात मिसळलेले असतात. शिक्षक संघटनांची आंदोलने महापालिकेच्या दारात होतात, कारण दार जवळ आहे.

या गणिताचा परिणाम असा, की पालिकेच्या शिक्षण विभागाच्या अंदाजपत्रकात पगाराचा आकडा सर्वांत मोठा असतो आणि तो हलवता येत नाही. त्यानंतर उरते ते शाळेच्या वाट्याला येते. गळके छप्पर, मुलींचे स्वच्छतागृह, विजेचे बिल, शिपाई, पहारेकरी, सगळे त्या उरलेल्यातून. 'समग्र शिक्षा' योजनेखाली शाळांना पटसंख्येनुसार वार्षिक संयुक्त अनुदान मिळते. तीसपर्यंत मुले असतील तर दहा हजार रुपये, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, हजारापर्यंत पंचाहत्तर हजार, असे त्याचे निकष आहेत. शंभर मुलांच्या शाळेला वर्षाकाठी पंचवीस हजार म्हणजे महिन्याला दोन हजार रुपयांच्या आसपास. खडू, झाडू, नळदुरुस्ती आणि वीज यांतच ते संपतात.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीकडे पाहावे, तर २०२०-२१ ते २०२५-२६ या काळात दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना मिळालेल्या अनुदानाचा मोठा भाग पाणी, स्वच्छता आणि घनकचरा यांच्याशी बांधलेला होता. उरलेला 'अबंधित' भागही पगार व आस्थापना खर्चासाठी वापरायचा नाही, अशी अट होती. अट योग्य होती. परंतु ज्या विभागाचा खर्चच मुख्यतः पगाराचा, त्याला तिचा उपयोग नव्हता.

बिलावरचा 'शिक्षण कर'

घरपट्टीच्या बिलावर 'शिक्षण कर' असा एक रकाना असतो. सातारा असो वा सांगली, ही रक्कम शहरातील पालिकेच्या शाळांवर खर्च होत असणार, असे बहुतेक करदात्यांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम, १९६२ या कायद्याखाली हा उपकर राज्य सरकारचा आहे. तो वसूल करण्याचे काम पालिकेचे. रक्कम जाते राज्याच्या तिजोरीत. काही महापालिकांत याखेरीज स्वतंत्र स्थानिक शिक्षण करही असतो, पण शासनाचा उपकर तो नव्हे. पालिकेचा कर्मचारी दारोदार फिरून शिक्षण कर गोळा करतो आणि त्याच पालिकेच्या शाळेला फळा रंगवायला पैसे नसतात, हा विरोधाभास सर्वसाधारण सभेत क्वचितच कुणी मांडतो.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागवला जातो आणि शाळांसाठी कर वाढवायचा की नाही यावर नागरिक थेट मतदानही करतात. त्या पद्धतीचे दोष आहेत. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, हा त्यांतला सर्वांत मोठा, आणि त्यावरून तेथे न्यायालयीन लढे झाले. पण तिथल्या करदात्याला आपल्या पैशाचा आणि शाळेचा संबंध डोळ्यांनी दिसतो. आपल्याकडे कराचे नाव शिक्षणाचे असूनही तो संबंध तुटलेला आहे. मग घरपट्टीवाढीला विरोध करताना नागरिकांना शाळेची आठवण होत नाही, यात नवल नाही.

घरपट्टीचे राजकारण तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. नगरपालिका कायद्यानुसार दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरआकारणी व्हायला हवी. प्रत्यक्षात फेरआकारणीच्या नोटिसा निघाल्या की हरकतींचे ढीग पडतात, मोर्चे निघतात, निवडणूक जवळ असेल तर 'वरून' स्थगितीची घोषणा होते आणि श्रेय घेण्यासाठी सर्व पक्षांत चढाओढ लागते. वाढ रोखली म्हणून सत्कार स्वीकारणारे नेते अनेक आहेत. रोखलेल्या त्या रकमेतून कोणते काम राहून गेले, हे सांगणारा मात्र कुणी भेटत नाही.

मंडळ गेले, मालक कोण?

जुन्या वाचकांना नगरपालिका शिक्षण मंडळे आठवत असतील. सभापतिपद, त्याला मिळणारे वाहन, साहित्यखरेदीचे अधिकार आणि शिक्षकांच्या बदल्या यांमुळे ही मंडळे राजकीय सोयीची जागा झाली होती. नगरसेवकपदाची उमेदवारी हुकलेल्या कार्यकर्त्याचे पुनर्वसन करायचे तर शिक्षण मंडळ, अशी रूढीच पडली होती. गणवेश, स्वेटर आणि दप्तर यांच्या खरेदीवरून राज्यातील अनेक शहरांत वाद झाले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्यानंतर २०१३ मध्ये राज्य सरकारने ही मंडळे मोडीत काढण्याचा निर्णय घेतला. काही ठिकाणी मुदत संपेपर्यंत ती पुढे रेंगाळली, पण अखेर गेली.

मंडळे गेल्याबद्दल फारसे कुणी अश्रू ढाळले नाहीत आणि ते योग्यच झाले. मात्र मंडळाबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पालिकेच्या सभागृहात 'आमच्या शाळांना पैसे द्या' म्हणून भांडणारा, त्याच कामासाठी नेमलेला एक माणूस गेला. तो आपल्या स्वार्थासाठी भांडत असेल, पण भांडत होता. आता शाळांचा कारभार आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्या अखत्यारीत प्रशासन अधिकाऱ्याकडे असतो. हा अधिकारी शिक्षण खात्यातून आलेला असतो. त्याचे वरिष्ठ एका बाजूला आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्या बाजूला. नगरपालिकेत शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समिती असते खरी. पण समित्यांच्या वाटणीत बांधकाम आणि पाणीपुरवठा यांवरून जी रस्सीखेच होते तशी शिक्षण समितीवरून झाल्याचे ऐकिवात नाही.

राज्यघटनेतही शहरांच्या बाबतीत एक संदिग्धता राहून गेली आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 'प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण' असा स्वच्छ उल्लेख आहे. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन, अशी मोघम शब्दरचना आहे. महाराष्ट्राच्या महापालिका अधिनियमात प्राथमिक शाळा चालविणे ही बंधनकारक कर्तव्यांत मोडते. म्हणजे राज्याच्या कायद्याने कर्तव्य नेमके सांगितले आणि घटनेच्या अनुसूचीने ते धूसर ठेवले. निधी देण्याचा प्रश्न आला, की या धूसरपणाचा लाभ कोणाला होतो हे सांगायला नको.

श्रेयवादात शाळा नाही

साताऱ्याच्या राजकारणाचा गेल्या दोन दशकांचा इतिहास उदयनराजे भोसले यांची सातारा विकास आघाडी आणि शिवेंद्रसिंहराजे भोसले यांची नगर विकास आघाडी यांच्याभोवती फिरतो. दोघांचे मनोमिलन झाले तेव्हा पालिकेत पदांची वाटणी झाली. ते तुटल्यानंतर २०१६ मध्ये थेट नगराध्यक्षपदाची चुरशीची लढत होऊन माधवी कदम निवडून आल्या. आता दोन्ही राजे भारतीय जनता पक्षात आहेत; एक खासदार, दुसरे डिसेंबर २०२४ पासून राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री. या काळात पोवई नाक्यावरील ग्रेड सेपरेटर असो, कास धरणाची उंची असो वा हद्दवाढ, प्रत्येक कामाच्या श्रेयावरून शहरात फलक लागले. पालिकेच्या एखाद्या शाळेच्या श्रेयावरून असा वाद झाल्याचे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. शहराच्या दृष्टीने ही गोष्ट तशी शांततेची आहे, शाळेच्या दृष्टीने ती चांगली नाही. ज्या कामाचे श्रेय कुणाला नको, त्या कामाला निधी कोण मागणार?

सांगलीत सत्तेचे खांदेपालट अधिक झाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका स्थापन झाली. मदन पाटील यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसचे वर्चस्व, २००८ मध्ये जयंत पाटील यांच्या पुढाकाराने झालेली महाआघाडी, २०१३ मध्ये पुन्हा काँग्रेस, २०१८ मध्ये भाजप, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सभागृहात भाजपचे बहुमत असताना राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी महापौर, इतके बदल झाले. २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर वस्तीच्या या शहरात तीन गावांच्या तीन तऱ्हा आहेत. सांगलीच्या जुन्या पेठा, मिरजेतील उर्दू माध्यमाच्या शाळांची परंपरा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या कामगारांची मुले, यांच्या गरजा एकसारख्या नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा शाळा निवारा केंद्रे झाल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. पूर आला की शहराला सार्वजनिक शाळेच्या इमारतीची किंमत कळते, पाणी ओसरले की विस्मरण होते.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. पश्चिम महाराष्ट्राच्या नेतृत्वाने शिक्षणाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांच्या फी सवलतीमागे यशवंतराव चव्हाण आणि बाळासाहेब देसाई ही याच जिल्ह्यातील नावे आहेत. पुढे १९८३ मध्ये सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले गेले. तेव्हापासून नेता म्हणजे कारखाना, बँक आणि शिक्षण संस्था, हे समीकरण पक्के झाले. आज दोन्ही जिल्ह्यांत गल्लीपातळीवरच्या पुढाऱ्याचेही स्वप्न असते ते स्वतःची इंग्रजी माध्यमाची शाळा काढण्याचे. जो सभागृहात बसून पालिकेच्या शाळेच्या तरतुदीवर हात वर करतो, त्याची किंवा त्याच्या नेत्याची शाळा त्याच मुलांसाठी स्पर्धेत असते. याला कट म्हणणे अतिशयोक्ती होईल. हितसंबंधांची ओढ मात्र कोणत्या दिशेला आहे, हे उघड आहे.

साताऱ्यातील प्रतापसिंह हायस्कूलचे उदाहरण बोलके आहे. ती पालिकेची शाळा नव्हे, जिल्हा परिषदेची आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाच्या विद्यार्थ्याचा प्रवेश ज्या शाळेत झाला ती ही शाळा, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून राज्यात २०१७ पासून 'विद्यार्थी दिवस' पाळला जातो. दरवर्षी ७ नोव्हेंबरला तेथे मान्यवरांची रीघ लागते. एवढा वारसा असलेल्या शाळेलाही पटसंख्येसाठी झगडावे लागले, हे लक्षात घेतले तर पेठेतील साध्या क्रमांकाच्या पालिका शाळेची काय कथा!

हद्द वाढली, शाळांचे काय?

सप्टेंबर २०२० मध्ये सातारा शहराच्या हद्दवाढीला राज्य सरकारने मंजुरी दिली. चार दशकांहून अधिक काळ गाजलेला हा प्रश्न. शाहूपुरी, विलासपूर यांसारखे भाग पालिकेत आले. घरे आली, रस्ते आले, दिवे आले. या भागात जिल्हा परिषदेच्या शाळाही होत्या. कायद्याच्या सरळ अर्थाने शहराच्या हद्दीतील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी पालिकेची. पण शाळा हस्तांतरित होते म्हणजे काय होते, हे पाहणे आवश्यक आहे.

जिल्हा परिषदेचा शिक्षक जिल्ह्याच्या सेवाज्येष्ठता यादीत असतो. त्याची बदली जिल्हाभर होऊ शकते. तशीच त्याची बढतीही. पालिकेकडे वर्ग झाला, की त्याचे विश्व काही शाळांपुरते उरते. शिवाय ज्याचा पगार आजवर राज्याच्या तिजोरीतून वेळेवर येत होता, त्यातील काही वाटा आता पालिकेच्या तिजोरीतून येणार. कोणता शिक्षक याला आनंदाने होकार देईल? पालिकेलाही वेतनाचा नवा भार नको असतो. आणि जिल्हा परिषदेचा विचार असा, की शहरात गेलेल्या शाळेच्या इमारतीवर आपण का खर्च करावा. तिन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे आणि त्यातच शाळा अडकते. पुण्यात २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत गेली, तेव्हा तेथील शाळांनीही हा पेच अनुभवला. पुण्याच्या तिजोरीला तो सोसतो, साताऱ्याला सोसेलच असे नाही.

या काळात जिल्हा परिषदांच्या शाळांसाठी काही चांगले प्रयोग झाले. सांगली जिल्हा परिषदेने 'माझी शाळा, आदर्श शाळा' उपक्रम हाती घेतला. जयंत पाटील पालकमंत्री आणि जितेंद्र डुडी मुख्य कार्यकारी अधिकारी असतानाची ही गोष्ट. इमारती, वर्गखोल्या, ग्रंथालये यांवर एकत्रित विचार झाला. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत ग्रामीण शाळेची बाजू मांडायला जिल्हा परिषदेची यंत्रणा असते. शहरातील शाळेची बाजू पालिकेने मांडायची, आणि पालिकेच्या मागण्यांच्या यादीत रस्ता पहिला असतो.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये 'दत्तक शाळा' योजना आणली. कंपन्या, संस्था वा दानशूर व्यक्तींनी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यावी आणि हवे तर देणगीच्या बदल्यात शाळेच्या नावाला आपले नाव जोडावे, अशी तरतूद. लहान महापालिका, नगरपालिका आणि ग्रामीण भागासाठी नावाचा दर पाच वर्षांना पन्नास लाख व दहा वर्षांना एक कोटी रुपये. मोठ्या शहरांत तो दोन ते तीन कोटी. देणगीतून इमारत दुरुस्त होईल, संगणक येतील. पण शिक्षकाचा पगार देणगीतून होत नाही, आणि कुपवाडच्या उद्योजकाला देणगी द्यायचीच असेल तर तो पुण्यामुंबईच्या मोठ्या संस्थांकडे पाहतो, की जवळच्या पालिका शाळेकडे, हा प्रश्न राहतोच.

मुंबईचे उदाहरण अनेकदा दिले जाते. मुंबई महापालिकेचा शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प २०२४-२५ मध्ये सुमारे साडेतीन हजार कोटी रुपयांचा होता. तेथे केंद्रीय मंडळाच्या शाळा सुरू झाल्या, प्रवेशासाठी सोडती निघाल्या. परंतु मुंबईची तिजोरी आणि सव्वा लाख वस्तीच्या साताऱ्याची तिजोरी यांची तुलना करून काही हाती लागणार नाही.

कराड आणि जरगनगर

हाती लागेल असे उदाहरण जवळच आहे. कराड नगरपालिकेची शाळा क्रमांक तीन. सातारा जिल्ह्यातीलच, साताऱ्याहून लहान पालिकेची, त्याच कायद्याखाली चालणारी. तेथे प्रवेशासाठी पालकांची गर्दी होते. कोल्हापुरात जरगनगरच्या महापालिका शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात, ही बातमी आता दरवर्षीची झाली आहे. या शाळांकडे वेगळा निधी आला आणि म्हणून त्या चांगल्या झाल्या, असे नाही. क्रम उलटा आहे. शिक्षक टिकून राहिले, शिष्यवृत्ती परीक्षेत मुले चमकली, पालकांचा विश्वास बसला, पट वाढला, आणि मग नगरसेवकालाही त्या शाळेत कार्यक्रम घ्यावासा वाटू लागला. मध्यमवर्गीय पालक आले म्हणजे मतदार आले. लोकवर्गणी आली. वर्गखोल्या कमी पडतात, ही तक्रार सभागृहात पोचली.

तरीही एवढ्यावरून 'शिक्षकांनी मनावर घेतले तर सगळे शक्य आहे' असा निष्कर्ष काढणे सोयीचे असले, तरी न्यायाचे नाही. एका शहरात अशी एखादी शाळा उभी राहते, तेव्हा आसपासच्या पालिका शाळांतील जाणती मुले तिकडे जातात. उरलेल्या शाळांचा पट आणखी घटतो. लक्ष्मी टेकडीवरच्या किंवा मिरजेच्या झोपडपट्टीतील मुलाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नामवंत शाळेत कोण पोचवणार? शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे ते याच मुलांसाठी.

पट घटला की काय होते, हे आता आकड्यांनीच ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर तेथे शिक्षकाचे पद मंजूर होत नाही. शिक्षक कमी झाले की पालक मुलांना काढतात, पट आणखी घसरतो. शेवटी 'समायोजन' या गोंडस शब्दाने शाळा दुसरीत मिसळते आणि पेठेतील मोक्याची जागा रिकामी होते. अशा जागेवर काय उभे राहावे याविषयी मात्र सभागृहात कल्पनांची कमतरता नसते.

खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांचा मार्गही याच चक्राचा भाग आहे. या मुलांपोटी राज्य सरकार खासगी शाळेला प्रतिविद्यार्थी वार्षिक १७ हजार ६७० रुपये प्रतिपूर्ती देते, तीही थकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या सक्तीतून वगळले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. गरीब मुलांचा हक्क टिकला, हे योग्य झाले. परंतु त्या नियमबदलावर पालकांनी ज्या तीव्रतेने आक्षेप घेतला, तीत पालिकेच्या शाळांविषयीचे जनमतही वाचता येते. 'जवळच्या सरकारी शाळेत जा' हा सल्ला पालकांना शिक्षेसारखा वाटला.

सातारा आणि सांगलीच्या नव्या सभागृहांना वेतनाच्या वाट्याचे सूत्र बदलता येणार नाही. ते मुंबईत ठरते. पण तशी मागणी करणारा ठराव करता येतो. जकात गेल्यानंतरही जकातीच्या काळातील वाटा का, हा प्रश्न राज्यातील सर्वच छोट्या महापालिकांचा आहे आणि तो एकत्रितपणे विचारला गेल्याचे दिसत नाही. साताऱ्याचा एक नेता मंत्रिमंडळात आहे, सांगलीचेही वजन मुंबईत कमी नाही. शिक्षण उपकरापोटी शहरातून किती रक्कम राज्याकडे गेली आणि वेतन अनुदानापोटी किती परत आली, एवढा हिशेब जरी दोन्ही पालिकांनी अंदाजपत्रकासोबत छापला, तरी चर्चेला आधार मिळेल. त्यासाठी नवा निधी लागत नाही. लेखा विभागाकडे दोन्ही आकडे असतात.

हद्दवाढ भागातील शाळांबाबत तर निर्णयच हवा, मग तो कोणताही असो. हस्तांतर करायचे असेल तर काही वर्षे पूर्ण वेतन राज्याने द्यावे, असा मध्यम मार्ग काढता येईल. करायचे नसेल तर जिल्हा परिषदेने इमारतींची जबाबदारी लेखी स्वीकारावी. शाळा जूनमध्ये उघडतात आणि संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते. तोपर्यंत वर्गात जितकी मुले बसलेली असतील, त्यांवरून पुढच्या वर्षी त्या शाळेत किती शिक्षक राहतील ते ठरेल.